भलत्या कव्हरमधली कॅसेट

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. तरी एका परदेशी बँडच्या कॅसेट मला पाठ होत्या. गाण्यांचे शब्द मला कधीच कळले नाहीत. पण ड्रम कुठे थांबतो, गिटार कुठे एकटी पुढे निघते, गाणारा वरच्या सुरात जायच्या आधी कुठे दम घेतो, हे मला आधीच कळायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसले असते. आता लिहितेय तेही माझ्यापुरतंच.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही परळची खोली सोडून भाईंदरला, नवघर गावच्या भागात राहायला आलो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे आणि माझे धाकटे दीर. हे कंपनीत पाळीवर जायचे, भावोजींना नुकतीच एका ऑफिसात नोकरी लागली होती. इमारत नवीन होती. एका खिडकीतून गावातली जुनी कौलारू घरं दिसायची आणि दुसरीतून बांधकामाच्या सळया. शेजार गुजराती, मारवाडी, वरच्या मजल्यावर यूपीची मंडळी. माणसं सगळी चांगली, पण बोलणं हिंदीत. माझी जीभ मुळातच जड, त्यात हिंदी तोंडातून निघेना. दारावर आलेली भाजीसुद्धा मी बोटानं दाखवून घ्यायचे. आणि बायका भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला, लग्नाला एवढी वर्षं झाली, अजून काही नाही का? म्हणून जिन्यात कुणाची चाहूल लागली की मी दाराआड थांबायचे. कधी कधी संध्याकाळी ह्यांना "आलात का?" विचारताना लक्षात यायचं, की आज दिवसभरात मी बोललेली ही पहिली गोष्ट.

फक्त रविवार तसा नसायचा.

रविवारी दुपारी भावोजींचे दोन मित्र यायचे. एक आमच्याच इमारतीतला गुजराती मुलगा. त्याच्या वडिलांचं ड्रेस मटेरियलचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला शेठ म्हणत. दुसरा समुद्रकाठच्या उत्तन गावचा, ख्रिश्चन. घरची होडी होती, पण हा बर्फाच्या कारखान्यात कामाला होता आणि चर्चमध्ये गिटार वाजवायचा. भावोजींनी बोनसमधून मोठा टेपरेकॉर्डर घेतला होता. दोन मोठे स्पीकर. ते बाहेरच्या खोलीत लादीवर बसून ऐकायचे आणि मी आत स्वयंपाकघरात.

त्या गाण्यांना ते प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, टेप बिघडला. मी चिमटा हातात घेऊन दारात आले, तर तिघेही डोळे मिटून बसलेले. इतकं शांत तर माणसं देवळातसुद्धा बसत नाहीत. मी परत आत गेले.

उत्तनवाल्यानंच मला ते ऐकायला शिकवलं. तो पाणी मागायला आत यायचा आणि तिथेच ओट्याला टेकून उभा राहायचा. मला "वैनी" म्हणायचा. एकदा म्हणाला, "वैनी, टाळी वाजवा. एक दोन तीन चार, एक दोन तीन. परत चार, परत तीन. हे सात हाय. बाकीचे लोक चारावर चालतात, हे येडे सातावर चालतात." मी लाजून टाळी काही वाजवली नाही. पण तो गेल्यावर पोळ्या लाटताना हात सातावर चालायला लागला, आणि पोळी जरा वाकडीच झाली.

अक्षरंही त्यानंच शिकवली. कॅसेटच्या कव्हरवर बँडचं नाव काटेरी अक्षरांत असायचं. मला वाटायचं इंग्रजी अक्षरं अशीच असतात, त्यांना काटे असतात. तो हसून हसून खाली बसला. मग कव्हरच्या आतला कागद उलगडून, साध्या छापातलं एकेक अक्षर दाखवत गेला. त्यानं मला कधी विचारलं नाही की मूल का नाही. तिघांपैकी कुणीच विचारलं नाही. ते विचारायचे, "वैनी, दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं कसं वाटलं?" मी मान डोलवायचे. एवढंच बोलणं, पण ते मला सोमवार, मंगळवार पुरायचं.

त्यांचा एक नियम होता. नवीन कॅसेट आली की दोन्ही बाजू पूर्ण होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. टेपला कुणी हात लावायचा नाही. बाजू बदलताना चहा. मत द्यायचं ते सगळं संपल्यावर. हा नियम ते इतका कडक पाळत की एकदा शेठला शिंक आली तर तो उशीत तोंड खुपसून शिंकला.

मग त्या बँडची नवीन कॅसेट आली. शेठनं ती भावोजींसाठी फोर्टातून आणली होती. कित्येक महिने तिघे तिची वाट बघत होते. त्या दिवशी उत्तनवाला वेळेआधीच आला आणि शर्टही इस्त्रीचा घालून आला होता.

पहिली बाजू सुरू झाली. मलाही आतून फरक कळला. गाणी लहान होती. एक सुरू होऊन कुठे रमावं तर संपायचं. मधे एक तर नुसतं पेटीसारख्या कीबोर्डवरचं, हळू, रडवेलं गाणं होतं. बाजू संपली, मी चहा दिला. भावोजींचा चेहरा खुललेला होता. शेठ छताकडे बघत होता. उत्तनवाल्यानं चहाचा कप तसाच खाली ठेवला.

दुसरी बाजू लागली, आणि दुसऱ्या गाण्याच्या मधेच टप्पकन आवाज बंद झाला. उत्तनवाल्यानं बटण दाबलं होतं.

"काय रे?" भावोजी म्हणाले. "हात कशाला लावलास?"

"न्हाय ऐकवत. विकले गेले साले."

"पूर्ण ऐक तरी."

"काय पूर्ण? रेडिओवर लागायला पायजेत म्हनून गानी कापलीत. ड्रमवाला बघ, चार चार करत चाललाय. लग्नात वाजवतात तसा."

"अरे, ते मोठे झाले आता. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं वाजवून दाखवायचं कशाला? कमीत बोलतायत. ते तुला कळत नाही."

"मला कळत न्हाय?"

"अरे यार, झगडा कशाला?" शेठ मधे पडला. "मला विचारा ना. पहिली साईड मस्त, दुसरी साईड थोडी ढिली. अर्धी अर्धी करून टाका."

"तू गप रे शेठ, दुकान न्हाय हे," उत्तनवाला म्हणाला.

आणि तेव्हा भावोजी बोलून गेले, "चर्चमध्ये गिटारवर तीन कॉर्ड वाजवणाऱ्याला यातलं काय कळणार!"

उत्तनवाला उठून उभा राहिला. मग म्हणाला, "मी तीन तरी वाजवतो. तू काय वाजवतोस? बटन?"

त्याच्या कॅसेट आमच्या कपाटात असायच्या, तिघांच्या एकत्रच. त्यानं कपाट उघडलं, पिशवी मागितली आणि आपल्या वेगळ्या काढायला लागला. लादीवरही बऱ्याच पसरलेल्या होत्या, काही कव्हरात, काही उघड्या. शेठ "अरे अरे" करत एकेक उचलून, टेपमधलीही काढून, कव्हरात घालत होता. उत्तनवाला भराभर पिशवीत टाकत गेला. जाताना माझ्याकडे बघून "येतो वैनी" एवढं म्हणाला. कपाटात अर्धी फळी रिकामी झाली.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेठ यायचा, थोडा वेळ बसायचा, "अकेले में मजा नहीं, भाभी," म्हणून निघून जायचा. भावोजी पेपर घेऊन बसायचे. टेप लागतच नव्हता. ज्या कॅसेटसाठी एवढे भांडले ती तरी लावतील असं मला वाटत होतं, पण तीही नाही. रविवारसुद्धा इतर दिवसांसारखा झाला. ह्यांची पाळी असली की घरात फक्त पेपरची पानं वाजायची.

एक दिवस कपाट पुसताना मी नवीन कॅसेटचं कव्हर हातात घेतलं, चित्र बघायला. आत कॅसेट होती. तिच्यावरची अक्षरं मी सवयीनं जुळवून बघितली. कव्हरवर जे होतं ते कॅसेटवर नव्हतं. परत बघितलं. आत त्याच बँडची जुनी कॅसेट होती, उत्तनवाल्याची, त्याची सगळ्यात लाडकी. शेठनं घाईत अदलाबदल केली होती. म्हणजे उत्तनवाला जुन्या कव्हरात नवीन कॅसेट घेऊन गेला होता. जी ऐकवत नाही म्हणाला, तीच.

संध्याकाळी मी भावोजींना दाखवलं. "भावोजी, यात भलतीच कॅसेट आहे."

"माहीत आहे, वहिनी."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवसापासून."

"मग जाऊन बदलून आणायची नाही का?"

"मी कशाला जाऊ? त्यालाही कळलंच असेल ना. त्यानं आणून द्यावी."

"आणि त्यानं असंच म्हटलं तर?"

भावोजींनी पेपर वर केला. मला हसूही आलं आणि रडूही. दोन मोठे बाप्ये, एकमेकांची कॅसेट घेऊन बसलेले.

रात्री जेवताना मी ह्यांना म्हटलं, "मी उत्तनला जाऊन येऊ का?" हे माझ्याकडे बघतच राहिले. मी खालच्या दुकानातून कधी साबण आणला नव्हता. मग म्हणाले, "जा की. स्टेशनच्या पलीकडून बस आहे. उतरल्यावर कुणालाही विचार, चर्चमध्ये गिटार वाजवतो तो." एवढंच. कशाला, का, काही विचारलं नाही. ते सरळ हो म्हणाले हे मी विसरलेले नाही.

मी चांगली साडी नेसले, कॅसेट पिशवीत घातली. पूल ओलांडून पश्चिमेला गेले, बसमध्ये बसले. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं गेली, दोन्ही बाजूला मिठागरं. कंडक्टरला "उत्तन" म्हणायचं मी मनात कितीतरी वेळा म्हणून ठेवलं होतं, तरी तो आल्यावर आवाज फुटला नाही, त्यानं दोनदा विचारलं. उतरल्यावर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला आणि परत फिरावं असं वाटलं. पण परतीची बस लगेच नव्हती.

घर एका म्हाताऱ्या बाईनं दाखवलं. त्याची आई अंगणात जाळं घेऊन बसली होती. मी नाव सांगायच्या आधीच तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. चांगली साडी, एकटी बाई, भर दुपारी, हिंदू. ती पटकन उठली, मला आत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"बस गो बाय. सांग. कोनाची पोर हाय?"

मला काही कळेना. "कोणाची पोर?"

"आता लपवू नको. माझ्या पोऱ्यानं काय केलं ते सांग. तुझी बहीन हाय का ननंद? गेले कितीक दिस जेवत न्हाय धड. मी तवाच वळखलं, कुठंतरी भानगड हाय."

माझे कान तापले. पिशवीत हात घालून मी कॅसेट बाहेर काढली आणि तिच्यापुढे धरली. बोलता येत नव्हतं म्हणून दाखवली.

"ही त्यांची कॅसेट. आमच्या भावोजींशी भांडण झालं. गाण्यावरून."

"गान्यावरून?"

"नवीन गाणी चांगली का वाईट, त्यावरून."

तिनं कॅसेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. "आनि मी मेली तीन मुलींची नावं मनात आनून बसली!" मग ती जी हसली, तर मलाही हसू फुटलं. परक्या घरात मी कधी तशी हसले नव्हते. तिनं मला नारळाचं काहीतरी गोड खायला दिलं, चहा ठेवला. मी कॅसेट परत पिशवीत घातली आणि आम्ही दोघी बोलत बसलो. मी बोलत बसले, हे लिहितानाही नवल वाटतं.

इतक्यात तो कामावरून आला. मला बघून दारातच थांबला.

"वैनी? काय झालं? सगळे बरे हायत ना?"

"बरे आहेत. कॅसेटी बदलल्यात."

"म्हाईत हाय मला," तो मान खाली घालून म्हणाला. "माझी त्याच्याकडं हाय, त्याची माझ्याकडं. पन त्यानं यायला पायजे होतं ना? तो बोलला मला."

मग आत जाऊन त्यानं जुन्या कव्हरातली नवीन कॅसेट आणली. "ही घ्या तुमची. माझी आनली काय?"

मी त्यासाठीच आले होते. पिशवीला हात लावला, आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं. ह्यानं ही दिली, मी ती दिली, की झालं. कुणाचं कुणाकडे काही उरलं नाही. मग त्याला भाईंदरला यायचं कारणच काय? मीच माझ्या हातानं ते संपवून परत जाणार होते.

"विसरले," मी म्हटलं.

"काय?"

"तुमची कॅसेट. घरी विसरले. आणायची म्हणून निघाले आणि कपाटातच राहिली." माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "आणि ही पण मी नेणार नाही. बसमध्ये तुटली बिटली तर भावोजी मला बोलतील. तुम्ही रविवारी या. तिकडे बदलून घ्या."

"वैनी, मी तिकडं येऊन काय बोलू? मला ती गानी आवडली न्हायत, ती न्हायतच आवडली."

"नका आवडू देऊ. नावं ठेवा. पण आमच्या घरी येऊन ठेवा."

हे सगळं त्याची आई ऐकत होती. कॅसेट तिच्या नाकासमोर धरली होती मी, घडीभरापूर्वी. पिशवी माझ्या मांडीवर होती. त्यानं आईकडे बघितलं. तिनं कप उचलले आणि म्हणाली, "विसरली म्हनते ती. मग? जा रविवारचा, चर्चात मिस्सा झाला की."

तो मला बसपर्यंत सोडायला आला. वाटेत एवढंच म्हणाला, "तुम्ही एकट्या आल्यात, वैनी?" मी मान डोलवली. बसमध्ये मी पिशवी घट्ट धरून बसले होते. कॅसेट घरी कपाटात ठेवेपर्यंत जिवात जीव नव्हता.

रविवारपर्यंत मी भावोजींना काही सांगितलं नव्हतं. दुपार झाली, शेठ आला, बसला. जिन्यात पावलं वाजली तेव्हा मी दाराआड न थांबता दार उघडलं.

"चा ठेवा, वैनी," उत्तनवाला म्हणाला आणि आत आला. भावोजींनी पेपर खाली केला नाही.

"कॅसेट द्यायला आलोय. माझी दे, मी चाललो."

"कपाटात आहे. घे."

माझे हात ओट्यावर तसेच थांबले. शेठनं दोघांकडे बघितलं. त्याचे उपकार मी कसे फेडू, तो म्हणाला, "अरे, आधी चालते का नाही ते तर बघ. तुझ्या घरची खारी हवा लागली असेल तिला. उद्या मला बोलाल, शेठनं डुप्लिकेट आणली." आणि त्यानं कॅसेट टेपमध्ये टाकली, ती जिथे थांबली होती तिथून. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं होतं. आमच्यापैकी कुणीच ते ऐकलेलं नव्हतं, त्या दिवशी आधीच बंद पडलं होतं ना. उत्तनवाला उभाच होता. गाणं एका जागी थबकलं, आणि ड्रम परत यायच्या नेमका आधी त्याच्या बोटांनी कपाटाच्या दारावर ठोका दिला. मग परत एकदा, तितकाच नेमका.

भावोजींनी पेपर ठेवला. "तुला कसं माहीत इथे ठोका आहे?"

"काय?"

"त्या दिवशी इथपर्यंत गेलीच नव्हती कॅसेट."

उत्तनवाल्यानं बोटं मागे घेतली. "ऐकली घरी."

"किती वेळा?"

"रोज."

"रोज? भंगार आहे म्हणून?"

"भंगार हायच. किती भंगार हाय ते बघत होतो."

आधी शेठ हसला. मग भावोजींना राहवेना. मग तोही कपाटाला टेकून हसायला लागला, आणि मी आत पदर तोंडाला लावून. त्यानंतर जे भांडण झालं ते कितीतरी वेळ चाललं. मधली गाणी एकेक करून परत लावली, थांबवली, मागे नेली, नियमबियम कुठेच नव्हता. भावोजींनी तीन कॉर्डबद्दल माफी मागितली नाही. फक्त मधेच म्हणाले, "हा कीबोर्डचा तुकडा तुझ्या गिटारवर कसा वाजेल रे?" त्यानं ओठ वाकडे केले आणि म्हणाला, "बघतो." पुढच्या रविवारी पिशवीभर कॅसेट घेऊन आला आणि माझ्याकडे दिल्या, लावा म्हणून.

त्या कॅसेटवर त्यांचं एकमत कधी झालं नाही. भावोजींचं लग्न झालं, ते जवळच सिल्व्हर पार्कला वेगळे राहायला गेले, कॅसेटी जाऊन सीडी आल्या, तरी भेटले की त्या एका कॅसेटवरून तिघं भांडतात. बायकापोरं कंटाळतात. मी नाही कंटाळत. शेठ अजून "पहिली साईड मस्त" म्हणतो.

मला विचाराल तर, त्या बँडचं ते रडवेलं कीबोर्डचं गाणं मला सगळ्यांत आवडायचं. उत्तनवाल्याला ते सांगायचं धाडस मला आजवर झालेलं नाही. पण उत्तनहून आल्यावर मी खालच्या दुकानातून साबण आणायला लागले, वरच्या मजल्यावरच्या काकूंशी मोडक्या हिंदीत बोलायला लागले. त्यांनी मुलाबाळाचं विचारलं तर "नहीं हुआ" म्हणून पुढचं बोलायला लागले.

त्या आईला मी परत कधी भेटले नाही. जायचं जायचं म्हणत राहून गेलं, आणि मग ती गेल्याचं कळलं. तिनं त्या दिवशी "ही काय, पिशवीतच तर हाय" म्हटलं असतं तर खोटं बोलणं नव्हतं, खरंच होतं ते. पण तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि कप उचलले. तिचे आभार मानायचे राहिले होते. ते इथे मानते.